वॉट निसर्गाचा, बाकी करार

कारखान्यात एनर्जी ऑडिटर आला की मुख्य पॅनेलचे दार उघडते, आर, वाय, बी अशा तिन्ही फेजच्या केबलभोवती करंट मोजणाऱ्या लवचिक सीटी गुंडाळल्या जातात, बसबारला व्होल्टेजच्या क्लिपा लागतात आणि एका पेटीच्या पडद्यावर आकडे धावू लागतात. व्होल्ट, अँपिअर, किलोवॅट, केव्हीए, केव्हीएआर, पीएफ, टीएचडी आणि खाली पन्नासाव्यापर्यंतच्या हार्मोनिक्सचे उभे पट्टे. ही पेटी म्हणजे पॉवर अ‍ॅनालायझर. सगळे आकडे एकाच पडद्यावर, एकाच टाइपात आणि चार-चार अंकांपर्यंत दिसतात, त्यामुळे ते सगळे सारखेच खरे आहेत असा समज होतो. हा समज महागात पडतो. त्यांतला किलोवॅट हा निसर्गातला आकडा आहे. तारेतून खरोखर किती ऊर्जा किती वेगाने गेली ते तो सांगतो आणि त्याबद्दल कोणाचे दुमत असू शकत नाही. बाकीचे बरेच आकडे माणसांनी समित्यांत बसून, भांडून, कधी तडजोड करून ठरवलेले आहेत. म्हणून ते खोटे ठरत नाहीत. पण कोणत्या व्याख्येने, कोणत्या जागी, किती लोडवर आणि किती वेळ मोजले हे सोबत नसेल, तर त्या आकड्यांवर लाखभर रुपयांचा निर्णय घेणे हा शुद्ध जुगार आहे.

आधी वॉट पाहू. एखाद्या क्षणी तारेवर किती व्होल्ट आहेत आणि त्याच क्षणी तिच्यातून किती अँपिअर जात आहेत, यांचा गुणाकार ही त्या क्षणाची शक्ती. अशा सगळ्या क्षणांची सरासरी काढली की वॉट मिळतो. लहर गुळगुळीत असो की दातेरी, या व्याख्येला काडीचाही धक्का लागत नाही. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेतला लाकडी पेटीतला वॉटमीटर नेमके हेच करतो. त्याच्या एम-एल टर्मिनलांमधून करंट स्थिर कॉइलमध्ये जातो, सी-व्ही टर्मिनलांवरचे व्होल्टेज फिरत्या कॉइलला मिळते. दोन कॉइलींमधला पीळ दोहोंच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो, आणि सेकंदाला शंभर हेलकावे खाणे सुईला झेपत नसल्यामुळे ती आपोआप सरासरीवर स्थिरावते. गुणाकारही झाला, सरासरीही निघाली, आणि तेही एकही ट्रान्झिस्टर न वापरता. किती वॉटमीटर लागतील याचा नियम आंद्रे ब्लाँडेलने १८९३ साली मांडला: जितक्या तारा, त्याहून एक कमी. तीन तारांच्या मोटरला दोन वॉटमीटर पुरतात ते म्हणूनच. पीएफ, म्हणजे पॉवर फॅक्टर, ०.५ च्या खाली गेला की त्यांतला एक उलटा जातो आणि विद्यार्थी कॉइलच्या तारा अदलाबदल करायला धावतो. पण त्या उलट्या सुईत बिघाड काहीच नसतो. दोन मीटरांची बेरीज खरी असते. एकेकट्याला भौतिक अर्थ नसतो. करार आणि निसर्ग यांच्यातला फरक इथेच पहिल्यांदा भेटतो, फक्त तो त्या शब्दांत कोणी शिकवत नाही.

लहर बिघडली ती आपल्याच यंत्रांमुळे. मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी ड्राइव्ह, यूपीएस, एलईडी दिवा, संगणक, मोबाइलचा चार्जर, कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींतल्या इंडक्शन भट्ट्या, जालन्याच्या लोखंडाच्या भट्ट्या: हे सारे आधी एसीचे डीसी करतात, आणि ते करताना लहरीचा हवा तेवढाच तुकडा ओरबाडून घेतात. व्होल्टेज बऱ्यापैकी सरळ, करंट मात्र उड्या मारणारा. अशी कुठलीही पुन्हापुन्हा येणारी वेडीवाकडी लहर साध्या लहरींच्या बेरजेने मांडता येते हे गणित जोसेफ फूरिएने उष्णतेवरच्या आपल्या ग्रंथात १८२२ साली मांडले होते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत त्या साध्या लहरी १५०, २५०, ३५० अशा पटींत येतात, आणि त्यांनाच हार्मोनिक्स म्हणायचे. तीन फेजचा सहा डायोडांचा साधा ड्राइव्ह पाचवे, सातवे, अकरावे, तेरावे हार्मोनिक देतो. एका फेजवरची कार्यालयी उपकरणे तिसरे देतात, आणि तिन्ही फेजची तिसरी हार्मोनिक्स न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडण्याऐवजी एकमेकांत मिळतात. संगणकांनी भरलेल्या इमारतीत न्यूट्रलचा करंट फेजच्या १.७३ पटीपर्यंत जाऊ शकतो. जुन्या इमारतींत न्यूट्रल फेजपेक्षा बारीक टाकलेला असतो, हे वायरमनला विचारून पाहावे.

अशा लहरीपुढे स्वस्त क्लॅम्प मीटर साफ हरतो. तो सरासरी मोजतो आणि लहर शुद्ध आहे असे गृहीत धरून तिला १.११ ने गुणतो. अर्ध्या आवर्तनाच्या एक-तृतीयांश वेळापुरताच वाहणारा चौकोनी करंट खरोखर १० अँपिअर असेल, तर हा मीटर ६.४ दाखवतो. केबल तापलेली, मीटर मात्र निवांत. म्हणून लहर कशीही असो, करंटचे खरे परिणामी मूल्य मोजणारा ट्रू आरएमएस मीटर आला. पण त्यालाही करंट एकटाच दिसतो. तो करंट व्होल्टेजच्या कोणत्या क्षणी येतो हे त्याला कळत नाही. पॉवर अ‍ॅनालायझरचे सगळे मोल या एका गोष्टीत आहे. तो व्होल्टेज आणि करंट यांचे नमुने एकाच घड्याळावर, एकाच ठोक्याला घेतो, सेकंदाला हजारो, प्रयोगशाळेतल्या यंत्रांत लाखो. नमुन्याला नमुना गुणून पूर्ण आवर्तनांवर सरासरी काढली की झाला वॉट. तेच नमुने फूरिएच्या गणितातून काढले की हार्मोनिक्स. या गणिताला जलद करणारी रीत कूली आणि टूकी यांनी १९६५ साली प्रसिद्ध केली. ती नसती तर ही पेटी हातात मावली नसती.

'पूर्ण आवर्तनांवर' या शब्दांत मोठी मेख आहे. आपल्या ग्रिडची वारंवारता बरोबर ५० वर कधीच बसलेली नसते, ४९.९० ते ५०.०५ हा तिचा मान्य पट्टा आहे. यंत्राने ठोक २०० मिलिसेकंदांचा तुकडा कापला आणि त्यात आवर्तने अपुरी बसली, तर एका हार्मोनिकची ऊर्जा शेजारच्या पट्ट्यांत सांडते आणि जी हार्मोनिक्स नाहीतच ती पडद्यावर उगवतात. म्हणून आयईसी ६१०००-४-७ हे मानक सांगते, की तुकडा १० आवर्तनांचा घ्या, मग वेळ २०० मिलिसेकंदांच्या थोडी मागेपुढे होऊ द्या. यातून ५ हर्ट्झच्या अंतराने पट्टे मिळतात, आणि ते कसे एकत्र धरायचे हेही मानकच ठरवते. भट्टीसारख्या लोडमध्ये ही बाब कळीची असते, कारण तिथली वारंवारता वितळत्या मालाप्रमाणे सरकते आणि दोन हार्मोनिक्सच्या मधल्या जागेतही ऊर्जा पडते. ती शेजारच्या हार्मोनिकमध्ये धरायची की वेगळी दाखवायची, यावर अहवालातला आकडा बदलतो. दोन यंत्रे दोन वेगळे आकडे दाखवतात तेव्हा एक खराब असलेच पाहिजे असे नाही. दोघांनी वेगळे करार पाळलेले असू शकतात.

करारांचा खरा घोळ केव्हीए आणि केव्हीएआरमध्ये आहे. शुद्ध लहरीत सगळे गुण्यागोविंदाने नांदते: किलोवॅट, केव्हीएआर, केव्हीए यांचा काटकोन त्रिकोण, आणि पीएफ म्हणजे कोसाइन. लहर बिघडली की त्रिकोण मोडतो. रुमानियाच्या बुडेआनू यांनी १९२७ साली प्रत्येक हार्मोनिकचा केव्हीएआर वेगळा काढून त्यांची बेरीज करण्याची व्याख्या दिली आणि उरलेल्या भागाला विकृतीची शक्ती असे नाव दिले. ती पुस्तकांत, मानकांत, मीटरांत साठ वर्षे नांदली. १९८७ साली चार्नेत्स्की यांनी दाखवून दिले, की या व्याख्येने काढलेला केव्हीएआर शून्य असतानाही तारेत फुकटचा करंट वाहू शकतो आणि कोणता कपॅसिटर लावावा हे त्यातून कळतच नाही. पुढे आयईईई १४५९ या मानकाने मूळ लहरीचा हिशेब बाजूला काढून बाकीच्यांचा वेगळा ठेवण्याची वाट धरली. पीएफ समजावताना ग्लासातले पेय आणि वरचा फेस दाखवणारे चित्र सगळीकडे फिरते. त्यात विकृतीच्या या तिसऱ्या घटकाला जागाच नाही, तेव्हा ते निवृत्त करायला हरकत नाही.

हा वाद प्राध्यापकांपुरता नाही, तो थेट बिलात उतरतो. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे केव्हीए-तासांवर, आकारणी सुरू झाली. म्हणजे पैसे खऱ्या वॉटचे नाहीत, कराराच्या आकड्याचे. आता सहा डायोडांच्या आदर्श ड्राइव्हचा करंट घेऊ. तो मूळ लहरीशी अजिबात मागेपुढे नाही, म्हणून कोसाइन १. पण त्याचा आकार चौकोनी, म्हणून खरा पीएफ ०.९५५. आरएमएस व्होल्टेजला आरएमएस करंटने गुणणारा मीटर १०० किलोवॅटसाठी १०४.७ केव्हीए नोंदवेल. किलोवॅट आणि मूळ लहरीचा केव्हीएआर यांचा त्रिकोण करणारा मीटर बरोबर १०० नोंदवेल. दोन्ही मीटर निर्दोष, कारखाना तोच, फरक पावणेपाच टक्क्यांचा. आपल्या मीटरमध्ये केव्हीए कोणत्या सूत्राने काढला जातो हा प्रश्न खरे तर ग्राहकाने विचारलेला पहिला प्रश्न असायला हवा, पण पॅनेलवर पीएफ ०.९९ दिसला की सगळे समाधानी.

टीएचडीचे तर त्याहून वाईट. हा आकडा हार्मोनिक्सच्या करंटची मूळ करंटशी टक्केवारी सांगतो, आणि टक्केवारीला छेद असतो हे सोयीस्करपणे विसरले जाते. रात्री कारखान्यात मूळ करंट २० अँपिअर आणि हार्मोनिक्स १६ अँपिअर असतील तर टीएचडी ८० टक्के. दुपारी मूळ करंट २०० आणि हार्मोनिक्स ६० असतील तर टीएचडी ३०. अहवालात ८० चा आकडा लाल रंगात येतो, पण ट्रान्सफॉर्मरला तापवतात ते दुपारचे ६० अँपिअर. म्हणून आयईईई ५१९ हे मानक छेदात त्या क्षणाचा करंट न घेता कमाल मागणीचा करंट घेते आणि त्याला टीडीडी म्हणते. तेच मानक आणखी दोन अटी घालते. मोजायचे ते ग्राहक आणि वीज कंपनी यांच्या सामाईक जोडबिंदूवर, एखाद्या ड्राइव्हच्या टर्मिनलवर नव्हे. आणि निकाल द्यायचा तो तीन सेकंदांच्या आणि दहा मिनिटांच्या सरासऱ्या दिवसभर आणि आठवडाभर गोळा करून, त्यांतल्या ९९ किंवा ९५ टक्के वेळा मर्यादा पाळली गेली का हे पाहून. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००७ च्या जोडणी नियमांतली ५ टक्के एकूण आणि ३ टक्के एकेकट्या हार्मोनिकची व्होल्टेज मर्यादाही जोडणीच्या जागेसाठीच होती. ड्राइव्हच्या तोंडाशी अर्धा तास क्लॅम्प धरून ‘मानकाचे उल्लंघन’ असा शिक्का मारणारे अहवाल या अटींत कुठेच बसत नाहीत.

यावर एक रास्त आक्षेप येतो: हार्मोनिक्सचा एवढा काथ्याकूट कशाला, मुळात त्यांत किती वीज असते? उत्तर: फारच थोडी, आणि हे अ‍ॅनालायझरच सांगतो. वॉट तयार व्हायला त्याच हार्मोनिकचे व्होल्टेजही लागते. पाचव्याचे व्होल्टेज ३ टक्के आणि करंट २० टक्के असेल, तर त्याची शक्ती मूळ केव्हीएच्या फार तर ०.६ टक्का. ड्राइव्ह हार्मोनिक करंटचा उगम असल्याने तीही बहुधा त्याच्याकडून ग्रिडकडे उलटी वाहते. तेव्हा ‘आमचा फिल्टर बसवा, बिलात १५ टक्के बचत’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याला हाच हिशेब दाखवावा. ३१ टक्के टीएचडीने तारेतला तापाचा खर्च साधारण दहा टक्क्यांनी वाढतो खरा, पण तो खर्चच मुळात एकूण विजेच्या एखाद-दोन टक्क्यांइतका असतो. नुकसान वेगळ्या जागी आहे. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांतल्या भोवरप्रवाहांचा ताप हार्मोनिकच्या क्रमांकाच्या वर्गाने वाढतो. चौकोनी करंटमध्ये पाचवे हार्मोनिक मूळ लहरीच्या एक-पंचमांश. वर्ग केला तर पंचविसावा भाग, आणि त्याला २५ ने गुणले तर पुन्हा १. सातव्याचेही तेच, अकराव्याचेही, तेराव्याचेही. म्हणजे तेराव्यापर्यंत मोजले तरी हा ताप पाचपट. वीज वाया गेली म्हणून फारसे बिल वाढत नाही. ट्रान्सफॉर्मर मात्र लवकर म्हातारा होतो.

कपॅसिटर बँकेची कथा याहून धडधडीत आहे. १००० केव्हीएचा, ५ टक्के इम्पिडन्सचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे २० एमव्हीएचा फॉल्ट लेव्हल. त्यावर पीएफसाठी ४०० केव्हीएआरचे कपॅसिटर चढवले, तर २०००० भागिले ४०० म्हणजे ५०, त्याचे वर्गमूळ ७.०७. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून नेमके सातव्या हार्मोनिकवर झंकारतात, आणि कारखान्यातले ड्राइव्ह तेच सातवे हार्मोनिक पुरवत असतात. कपॅसिटर फुगतात, फ्यूज उडतात, मेंटेनन्सवाला कपॅसिटरच्या कंपनीला शिव्या घालून नवे बसवतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अ‍ॅनालायझर लावून कपॅसिटरचे टप्पे एकेक चढवत गेले की कोणत्या टप्प्याला सातवा पट्टा उसळतो ते पाच मिनिटांत दिसते. उपायही जुना आहे: कपॅसिटरबरोबर ७ टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर, म्हणजे ही जोडी १८९ हर्ट्झवर जुळते आणि पाचव्या-सातव्याला वाव देत नाही. नुसता पीएफ पाहणाऱ्या पॅनेल मीटरवर हा सगळा प्रकार दिसतच नाही. तिथे पीएफ सुधारलेलाच असतो.

अचूकतेचा प्रश्न प्रयोगशाळेत वेगळे रूप घेतो. विजेवर चालणाऱ्या गाडीचा इन्व्हर्टर १०० किलोवॅट घेऊन ९८.५ देतो असे समजा, तोटा १.५ किलोवॅट. दोन्ही बाजू ०.२ टक्क्यापर्यंत चुकणाऱ्या यंत्राने मोजल्या, तर तोटा १.१ पासून १.९ पर्यंत काहीही निघू शकतो. डिझाइन सुधारले की बिघडले, हे त्या आकड्यावरून ठरवता येणार नाही. म्हणून योकोगावाच्या डब्ल्यूटी ५००० सारखी यंत्रे ०.०३ टक्क्याची मूलभूत अचूकता सांगतात. पण माहितीपत्रकातला हा आकडा कोणत्या वारंवारतेला आणि कोणत्या पीएफला लागू आहे, ते नीट वाचायला हवे. पीएफ १ असताना व्होल्टेज-करंटच्या वेळेत ०.१ अंशाची चूक झाली तर वॉट हलतही नाही. पीएफ ०.१ असताना, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या नो-लोड चाचणीत, तीच चूक १.७ टक्क्याची होते. इन्व्हर्टरच्या २० किलोहर्ट्झच्या स्विचिंगला ०.१ अंश म्हणजे १४ नॅनोसेकंद. सेन्सरची केबल दोन-तीन मीटर लांब झाली की तेवढा उशीर सहज होतो. लाखो नमुने घेणाऱ्या यंत्राला ही तीन मीटर केबल हरवू शकते, म्हणून चांगला तंत्रज्ञ यंत्राइतकीच सेन्सरची आणि केबलची काळजी घेतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: वीज कंपनीचा मीटर प्रमाणित आहे, मग वेगळी पेटी का? मीटर हिशेबासाठी असतो, निदानासाठी नव्हे. आणि प्रमाणपत्र मिळते ते ठरावीक लहरींवरच्या चाचणीचे. नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठात डिमर आणि ऊर्जाबचतीच्या दिव्यांचा भार जोडून इलेक्ट्रॉनिक मीटर तपासले गेले, तेव्हा काहींनी प्रत्यक्षापेक्षा ५८२ टक्क्यांपर्यंत जास्त वाचन दाखवले, तर काहींनी कमी. हे निष्कर्ष २०१७ साली गाजले. तो भार प्रयोगशाळेत जुळवलेला होता आणि त्यावरून प्रत्येक घराचे बिल चुकीचे ठरत नाही, हे मान्यच. पण शुद्ध लहरीवर पास झालेले मीटर तीक्ष्ण लहरीवर असे फाकतात, एवढे त्यातून निर्विवाद झाले. तिथे चूक दाखवायला तुलनेचा संदर्भ मीटर होता म्हणूनच ती चूक ठरली. राहता राहिला खर्च. चांगला अ‍ॅनालायझर लाखांत जातो आणि लहान कारखान्याने तो विकत घ्यावा असे मुळीच नाही. भाड्याने मिळतो, ऑडिटरही आणतो. पैसा वाया जातो तो पेटीच्या किमतीत नाही, तिच्या अर्धवट वाचनात.

तेव्हा पुढच्या वेळी पॉवर क्वालिटीचा अहवाल हाती आला, की शेवटच्या पानावरची शिफारस वाचण्याआधी ऑडिटरला काही साध्या गोष्टी विचाराव्यात. क्लॅम्प कुठे लावले होते, ट्रान्सफॉर्मरच्या कोणत्या बाजूला? त्या वेळी कारखान्यात काय चालू होते आणि काय बंद? मोजणी अर्धा तास झाली की आठवडाभर? टक्केवारीचा छेद कोणता, त्या क्षणाचा करंट की कमाल मागणीचा? केव्हीए कोणत्या सूत्राने काढला? कपॅसिटर चालू असताना आणि बंद असताना वेगळे वाचन घेतले का? आणि हार्मोनिक्सचे आकडे टक्क्यांबरोबर अँपिअरमध्येही द्या म्हणावे. ही उत्तरे अहवालात नसतील, तर फिल्टरची ऑर्डर देऊ नका. मोजणी पुन्हा करून मागा.